वाचनालयाचं कार्ड आहे, पण गाडी कादंबऱ्यांपुढे जात नाही. तुम्ही पुरेपूर वापर कसा करता?

कोपऱ्यातली_खुर्ची

नमस्कार मंडळी,

सार्वजनिक वाचनालयाची सभासद होऊन बराच काळ लोटला. जाते, दारातल्या 'नवीन आगमन' मांडणीवरून एकदोन कादंबऱ्या उचलते, मुदतीत परत करते. कार्डासोबत ई-पुस्तकांचं ॲप, मासिकं, डेटाबेस असं बरंच काही मिळतं असं माहितीपत्रकात लिहिलंय. पण माझं घोडं तीन ठिकाणी अडतं.

१. ॲपवर हवं ते पुस्तक कधीच मोकळं नसतं. सतत रांग. ई-पुस्तकाला रांग का? फाइलच ना ती?

२. ओपॅकवर (वाचनालयाच्या ऑनलाइन तालिकेत) विषय टाकला की एकतर शून्य निकाल, नाहीतर चार हजार.

३. सध्याची खरी गरज: घरी वयस्कर सासूबाई आहेत, त्यांच्या देखभालीबद्दल नीट वाचायचंय. आरोग्याच्या कपाटात फारसं काही सापडलं नाही.

'गुगल कर' असं कृपया कोणी सांगू नका. ते करून झालंय, म्हणून तर इथे आले.

तळटीप

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण दुसऱ्याची मेख त्यातच आहे. (संदर्भ विभागात नोकरी करतो, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. आधीच माफी.)

बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत पुस्तकं ड्यूईच्या दशांश पद्धतीने लावलेली असतात. पद्धत १८७६ ची, दर विषयाला एक आकडा देणारी. ती पुस्तकाची ज्ञानशाखा बघते, वाचकाची गरज बघत नाही. तुमचाच विषय घ्या. वृद्धांचे आजार ६१८.९७ ला. घरच्या घरी रुग्णाची शुश्रूषा ६४९.८ ला, म्हणजे घरकाम आणि बालसंगोपनाच्या शेजारी, जिथे तुम्ही बघणारच नाही. वृद्धांसाठीच्या सेवा आणि संस्था ३६२.६ ला, सामाजिक शास्त्रांत. पैशांचं नियोजन ३३२.०२४. इच्छापत्र आणि वारसा कायद्यात, ३४६ मध्ये. घरातला प्रश्न एकच, पण उत्तरं पाच कपाटांत विखुरलेली. आरोग्याच्या कपाटात 'फारसं काही' सापडलं नाही कारण बाकीचं तिथे नव्हतंच.

आता ओपॅक. शोधपेटीत तुम्ही तुमचा शब्द टाकता, पण तालिका करणाऱ्याने त्याचा शब्द वापरलेला असतो. वृद्ध, ज्येष्ठ नागरिक, वार्धक्य, जरा... त्यातला एक निवडून सगळ्या पुस्तकांना तोच लावायचा ही आमची शिस्त. तो कोणता हे वाचकाला ठाऊक असण्याचं कारण नाही. म्हणून उलटं करायचं. सुचेल तो शब्द टाकून निदान एक बरं, तुमच्या विषयाला चिकटून असलेलं पुस्तक शोधा. त्याची पूर्ण नोंद उघडा. खाली 'विषय' म्हणून ओळी असतात, त्यांवर टिचकी मारता येते. मारली की त्याच विषयशीर्षकाखालची सगळी पुस्तकं समोर येतात, मग ती कुठल्याही कपाटात असोत. चार हजारांतून चाळीस उरतात ते असे.

मग वर्गांक (तोच विषयाचा आकडा) लिहून घ्या आणि कपाटापाशी जा. हवं ते पुस्तक काढलं की त्याच्या डावी-उजवीकडची दोनेक फुटं बघा. आणि पुस्तक चांगलं निघालं तर घरी गेल्यावर आधी शेवटची पानं उघडा. त्या लेखकाने स्वतः काय वाचलं त्याची यादी तिथे असते. कुठल्याही शोधयंत्रापेक्षा मला ती यादी जास्त भरवशाची वाटते, कारण ती कोणीतरी वाचून केलेली असते.

मीरा_वाचते

बापरे, ६४९.८! बालसंगोपनाच्या कपाटाजवळ आजीआजोबा. वाचनखूण साठवली.

अर्धविराम

तळटीप यांना अनुमोदन. मी पहिला प्रश्न घेते.

फाइल आहे हे खरं, पण वाचनालयाने ती विकत घेतलेली नसते. छापील पुस्तक घेतलं की ते वाचनालयाचं, फाटेपर्यंत द्या. ई-पुस्तकाचा घेतला जातो तो परवाना, आणि बहुतेक परवान्यांत अट असते की एका प्रतीवर एका वेळी एकच वाचक. शिवाय परवाना संपतो. काही दोन वर्षांनी संपतात, काही ठरावीक देवघेवींनंतर. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये २६ वेळा दिलं की परवाना खलास असा नियम आणला तेव्हा ग्रंथपालांनी बराच आरडाओरडा केला होता. आकडा तेव्हा धक्कादायक वाटला, आता तशा अटी अंगवळणी पडल्यात. त्यामुळे लोकप्रिय पुस्तकाच्या मोजक्याच प्रती घेणं वाचनालयाला परवडतं, आणि रांग लागते.

रांगेवर उपाय एकच: तिला घाबरू नका. लिबीसारख्या ॲपवर होल्ड लावायला (रांगेत नाव घालायला) काही लागत नाही, तेव्हा मर्यादा असेल तितके लावून ठेवा. पाळी नको त्या वेळी आली तर पुस्तक सोडू नका. 'नंतर पाठवा' असा पर्याय असतो. तो निवडला की ती खेप पुढच्या वाचकाला जाते, आणि रांगेतली तुमची जागा तुमचीच राहते. लोकांना हे माहीतच नसतं. तीन दिवसांची सूचना येते, ते कामात असतात, सूचना उलटून जाते, असं पुन्हा झालं की होल्ड रद्द आणि मग पुन्हा शेपटाशी.

दुसरं, शोधताना 'आत्ता उपलब्ध' ही गाळणी लावा. ज्या लेखिकेच्या नव्या पुस्तकाला मोठी रांग असते, तिची आधीची पुस्तकं बहुधा मोकळी बसलेली असतात. ऑडिओ आवृत्तीची रांगही वेगळी असते, तीही बघा.

तिसरं, तुमचं वाचनालय आणखी कुठली सेवा देतं ते विचारा. काही सेवांमध्ये रांगच नसते. तुम्ही पुस्तक उघडलं की वाचनालय तेवढ्यापुरते पैसे भरतं, म्हणून महिन्याला अमुकच पुस्तकं अशी मर्यादा असते. मर्यादा महिनाअखेर वाया जाते. चित्रपट, कॉमिक्स, संगीतही त्यात सापडतं.

शंखनाद

एवढा खटाटोप कशाला? टेलिग्रामवर एका मिनिटात पीडीएफ. रांग नाही, मुदत नाही, कार्ड नाही.

अर्धविराम

शंखनाद, मराठी पुस्तकाची आवृत्ती संपायला किती वर्षं लागतात आणि लेखकाच्या हाती काय पडतं याचा अंदाज असता तर हे लिहिलं नसतंत. नीतीचा भाग सोडून देऊ, निव्वळ व्यवहार बघा: त्या पीडीएफमध्ये मधली पानं गायब असतात, शोध चालत नाही, आणि संदर्भग्रंथाची कुठली आवृत्ती आहे ते कळत नाही. औषधाच्या पुस्तकाची जुनी आवृत्ती वाचून सासूबाईंना काय द्यायचं ते ठरवणार का?

शंखनाद

बरं बाई, हलकेच घ्या. मग किंडल विमान मोडवर टाकून मुदत संपलेलं पुस्तक वाचत राहणं, ते चालतं का तुमच्या नीतीत? :)

अर्धविराम

हा प्रश्न मात्र चांगला आहे. परवाना ठरल्या तारखेला वाचनालयाकडे परत जातो आणि पुढच्या वाचकाला पुस्तक मिळतं. तुमचं यंत्र जाळ्याशी जोडलेलं नसल्याने त्याला ते कळत नाही, इतकंच. कोणाचा खोळंबा होत नाही. मला स्वतःला शेवटची वीस पानं उरली असतील तर यात गैर वाटत नाही. यावर तळटीप यांना नोकरी सांभाळून काय म्हणायचंय ते ऐकायला आवडेल.

तळटीप

नोकरी सांभाळून: मी काही वाचलं नाही.

जुनी_जिल्द

धाग्यावर अजून जुन्या मराठी पुस्तकांचा विषय निघाला नाही म्हणून लिहितो. इथे ऑनलाइन साधनं खरोखर श्रीमंत आहेत, पण ती शोधण्याची रीत कोणी सांगत नाही.

आधी कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो, फुकट. तिथेच दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'ही आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश संपूर्ण ऑनलाइन आहे. शाळकरी मुलांना प्रकल्पासाठी कुठल्याही अनोळखी ब्लॉगऐवजी तिथे न्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानेही आपली कित्येक प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. त्यात इतिहास, विज्ञान, चरित्रं असं पुष्कळ आहे जे दुकानात कधीच दिसत नाही.

मग इंटरनेट आर्काइव्ह हा ऑनलाइन संग्रह. तिथे जुनी मराठी पुस्तकं ढिगाने आहेत, पण नोंदी कोणी कशाही केलेल्या. एकच नाव देवनागरीत, रोमनमध्ये, रोमनमध्येच दोन-तीन तऱ्हांनी, कधी आडनाव आधी. त्यामुळे एका शोधावर 'नाही' म्हणू नका. लिपी बदला, आडनाव तेवढंच टाका, प्रकाशन वर्ष टाका.

आणि आता खास गोष्ट. जगभरच्या मोठ्या ग्रंथालयांत मराठी पुस्तकं आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीचं कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं गोळा करतंय. वर्ल्डकॅटसारख्या सामायिक तालिकेत ती दिसतात. पण त्यांची रोमन लिप्यंतराची पद्धत अशी, की आपण न उच्चारलेला शेवटचा 'अ'सुद्धा लिहितात. 'पाटील' हे नाव तिथे वाचताना 'पाटीला' वाटेल असं लिहिलेलं असतं, 'जोगळेकर'च्या शेवटी एक जास्तीचा स्वर येतो. आपण नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग टाकतो, शून्य निकाल येतो आणि पुस्तक जगात नाही असं समजून उठतो. शेवटी एक इंग्रजी 'a' जोडून बघा. पुष्कळदा पुस्तक तिथेच बसलेलं असतं.

मीरा_वाचते

जोडून बघितलं. आजोबांचं १९३० च्या सुमाराचं एक पुस्तक होतं, घरात एकही प्रत उरली नव्हती. दोन विद्यापीठांत आहे!! आता ते मिळवायचं कसं?

तळटीप

मीराताई, तुमच्या वाचनालयात 'आंतरग्रंथालयीन देवघेव' असं विचारा. एक ग्रंथालय दुसऱ्याकडून तुमच्यासाठी पुस्तक मागवतं. सगळीकडे ही सोय नसते, आणि जुनं नाजूक पुस्तक कोणी बाहेर पाठवणार नाही, पण हव्या त्या प्रकरणाचं स्कॅन पाठवतात. मागताना लेखक, शीर्षक, वर्ष आणि वर्ल्डकॅटवरचा नोंद क्रमांक द्या. त्या काळच्या पुस्तकाला आयएसबीएन हा छापील ओळख क्रमांक नसणार, त्यामुळे नोंद क्रमांक हाच ओळखीचा धागा. 'आजोबांचं पुस्तक आहे' हेही जरूर सांगा. नियमात बसत नाही, पण समोरचा माणूस दोन फोन जास्त करतो.

जुनी_जिल्द

मीराताई, हक्कमुदत (कॉपीराइट) संपली असेल तर ते विद्यापीठ पूर्ण पुस्तक स्कॅन करून खुलंही करू शकतं, विचारून बघा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं मोजतात. १९६० साली वारलेल्या लेखकाची पुस्तकं १ जानेवारी २०२१ पासून मुक्त. बऱ्याच देशांत ७० वर्षं आहेत. आणि भाषांतर असेल तर भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजायचा, हे लोक हमखास विसरतात. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वी गेला म्हणून कालपरवाचं मराठी भाषांतर मुक्त होत नाही.

शंखनाद

इंटरनेट आर्काइव्हवर आधी उसनी मिळणारी नवी पुस्तकं आता बंद का झाली? काही महिने शोधतोय.

जुनी_जिल्द

खटला हरले. त्यांच्याकडच्या छापील प्रतीचं स्कॅन एका वेळी एकाला द्यायचं अशी त्यांची रीत होती. २०२० च्या साथीत त्यांनी काही काळ ती मर्यादाही उठवली आणि चार प्रकाशक न्यायालयात गेले. मार्च २०२३ मध्ये निकाल विरोधात, सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तेच. पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनवारीतून काढावी लागली. मुक्त झालेली जुनी पुस्तकं मात्र आहेत तशीच आहेत.

आळशी_संशोधक

लेखांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून माझी भर.

१. वाचनालयाने घेतलेल्या वृत्तपत्रांच्या आणि नियतकालिकांच्या डेटाबेसवर थेट त्या साइटवरून जाऊ नका, ती पैसे मागणारच. वाचनालयाच्या संकेतस्थळावर 'ई-साधनं' असं काहीतरी पान असतं, तिथल्या दुव्यावरून जा आणि कार्डाचा क्रमांक टाका. मगच तुम्ही कोण ते त्यांना कळतं. निम्मे लोक या एका पायरीवर गळतात आणि सेवा चालत नाही म्हणतात.

२. जेस्टॉर या संशोधन लेखांच्या संग्रहावर फुकट खातं काढलं की ३० दिवसांत शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात. विद्यापीठ लागत नाही.

३. अनपेवॉल नावाची, ब्राउझरला जोडायची छोटी सोय. संशोधन लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर दाखवते.

४. हे खास: विकिपीडियावर ५०० संपादनं केलेली, सहा महिने जुनं खातं असलेली आणि गेल्या महिन्यात किमान दहा संपादनं केलेली व्यक्ती 'विकिपीडिया लायब्ररी'त जाऊ शकते. एरवी विद्यापीठालाच परवडणारे कितीतरी डेटाबेस तिथे खुले आहेत. मराठी विकिपीडियावरची संपादनंही धरतात. शुद्धलेखन सुधारत बसणाऱ्या मंडळींनो, जरा तिकडे वळा.

कोपऱ्यातली_खुर्ची

थक्क! सगळ्यांचे आभार. तळटीप, एक भाबडा प्रश्न. हे सगळं काउंटरवर विचारायला संकोच वाटतो. मागे मोठी रांग असते, आणि विषय घरगुती.

तळटीप

देवघेवीच्या काउंटरवर विचारूच नका, तिथला माणूस शिक्के मारण्यात गुंतलेला असतो. संदर्भ विभागाचं टेबल वेगळं असतं. आणि पुस्तकाचं नाव नका सांगू, प्रश्न सांगा. 'आरोग्याची पुस्तकं कुठे' विचारलंत तर मी कपाट दाखवीन. 'सासूबाईंना रात्री उठवून पलंगावरून खुर्चीत बसवायचं असतं, माझी पाठ गेलीय' असं म्हणालात तर मी पुस्तक, चित्रफीत आणि एखाद्या संस्थेचं माहितीपत्रक काढून देईन. आमच्या प्रशिक्षणात लोकांच्या पहिल्या प्रश्नामागचा खरा प्रश्न काढणं हा एक भागच असतो. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले, त्यातला चौथा 'वाचकाचा वेळ वाचवा' हा आहे. माझा वेळ वाचवा असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही.

नोंदींचीही भीती नको. पुष्कळ प्रणाल्यांत पुस्तक परत आलं की कोणी नेलं होतं ती नोंद पुसली जाते. वाचनाचा इतिहास हवा असेल तर तो खात्यात आपणच चालू करावा लागतो. तुमच्याकडे कसं आहे ते विचारून घ्या.

दशांश_अपूर्णांक

अवांतर: परीक्षेच्या दिवसांत हवं ते पुस्तक मुद्दाम भलत्याच कपाटात दडवणाऱ्या जमातीवर कोणी बोलेल का? आमच्या इथे रसायनशास्त्राचं एक पुस्तक पाककृतींत सापडलं होतं.

तळटीप

चुकीच्या कपाटातलं पुस्तक आमच्यासाठी हरवलेलंच. म्हणूनच 'बघून झालेली पुस्तकं टेबलावर किंवा गाडीवर ठेवा' असं लिहिलेलं असतं. वाचक मदत म्हणून स्वतः जागेवर लावतात आणि एक खण चुकतो. दुसरं कारणही आहे. बऱ्याच ठिकाणी टेबलावरची पुस्तकं उचलताना मोजतात, कारण घरी न नेता तिथेच वाचलेल्या पुस्तकांचा दुसरा हिशोब नसतो.

तो हिशोब का महत्त्वाचा? दरवर्षी कपाटं रिकामी करावी लागतात. वीडिंग म्हणतो आम्ही. नव्याला जागा हवी, म्हणून वर्षानुवर्षं कोणी न नेलेली पुस्तकं काढली जातात. चांगलं पुस्तक टिकावं असं वाटत असेल तर ते नावावर घेऊन घरी न्या. न वाचता परत केलंत तरी चालेल, हे मात्र माझ्या साहेबांना सांगू नका.

मीरा_वाचते

आणि खरेदीची शिफारस! आमच्या वाचनालयात वही असते, संकेतस्थळावरही अर्ज आहे. मी नेमाने लिहिते. लेखक, प्रकाशक, आयएसबीएन आणि 'का हवं' याची एक ओळ. बरीच पुस्तकं आली आहेत, आणि शिफारस करणाऱ्याला पहिली पाळी मिळते. फक्त नाव खरडलं की वही तशीच राहते.

कोपऱ्यातली_खुर्ची

एक शेवटचं. सासूबाईंना स्वतःलाही वाचनाची फार आवड होती, पण आता नजर साथ देत नाही. भिंग लावूनही ओळ सुटते. मराठीत त्यांच्यासाठी काही आहे का?

अर्धविराम

आधी सोपं: टॅबलेटवर ई-पुस्तक घ्या, अक्षर मोठं करा, पार्श्वभूमी काळी. भिंगापेक्षा बरं पडतं, कारण ओळ आपोआप वळते. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये हे होत नाही, तेव्हा ईपब स्वरूपातलं पुस्तक शोधा. तेही जमत नसेल तर फोनमधली वाचून दाखवणारी सोय मराठीत चालते. आवाज यांत्रिक आहे, ललित ऐकवत नाही, पण बातम्या आणि लेख चालतात. माणसांनी मोफत वाचलेली पुस्तकं लिब्रिव्हॉक्सवर आहेत (२००५ पासून), मात्र तिथला बहुतांश साठा इंग्रजी आहे.

आळशी_संशोधक

यात एक मोठं दार आहे. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी २०१३ चा मराकेश करार आहे. त्याखाली मान्यताप्राप्त संस्था हक्कमुदतीतलं पुस्तकही प्रकाशकाची परवानगी न घेता ध्वनी, ब्रेल किंवा डिजिटल स्वरूपात आणू शकतात आणि दुसऱ्या देशातल्या संस्थेला देऊ शकतात. भारताने तो सगळ्यांत आधी, २०१४ मध्येच स्वीकारला. बुकशेअरसारख्या ग्रंथालयांना त्याचा आधार मिळतो, त्यांच्यात भारतीय भाषाही आहेत. पूर्ण अंधत्व असावं लागत नाही. नजर कमी असणं, हात थरथरल्याने पुस्तक धरता न येणं, हेही धरतात.

कोपऱ्यातली_खुर्ची

हात कापतातच त्यांचे! त्यासाठी कागदपत्रं काय लागतात?

आळशी_संशोधक

अर्ज आणि अडचण असल्याचा दाखला. नेत्रतज्ज्ञाचा किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा. दाखल्यात 'छापील मजकूर वाचू शकत नाहीत' हे शब्द स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'मोतीबिंदू' लिहिलेलं असलं तर अर्ज परत येऊ शकतो. खातं त्यांच्या नावाने काढा, तुमच्या नाही.